माघारीचं शास्त्र

१२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला म्हणून तू चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर माझ्या नावाने खडे फोडले असशील. फोड. या खेपेला कारण सबळ आहे. मला काम मिळालंय. पगाराचं काम होतंच रे, हे विचारून दिलेलं काम आहे.

तुला ठाऊक आहे, आमच्या युद्धशास्त्राच्या संस्थेत सगळे विजयाचा अभ्यास करतात. कुणी तोफा घेतो, कुणी वेढे. मी घेतली माघार. अडकलेलं सैन्य माणसं न गमावता परत कसं आणायचं, एवढा एकच प्रश्न घेऊन जन्म काढला. पहिल्या मुलाखतीत एका निवृत्त सेनापतींनी विचारलं होतं, बाई, पळून जायला कशाला अभ्यास लागतो? मी म्हटलं, साहेब, पळून जायला नाही लागत, परत यायला लागतो. नोकरी मिळाली, पण बढतीच्या वेळी ते उत्तर दर वेळी कुणाला तरी आठवायचं. विभागप्रमुखपद नाकासमोरून गेलं, तेही शेवटी माझ्याच विद्यार्थ्याकडे. माझी खोली अजून जिन्याखालीच आहे. नकाशा लावायला उठलं की डोकं आपटतं.

आणि आता वरून विचारणा आली आहे. जुन्या लढाईबद्दल नाही, या येत्या हिवाळ्याबद्दल. उंचावर माणसं ठेवायची की बर्फ पडायच्या आत खाली आणायची, अशा जातीचा प्रश्न आहे. याहून जास्त खोदून विचारू नकोस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला जिवंत माणसांबद्दल विचारतंय.

बारक्याचं काय? नवी नेमणूक झाल्यापासून त्याने आत्याला ओळ लिहिलेली नाही. कान उपट त्याचे.

लोभ आहे तसाच राहू दे, दुकानाच्या गल्ल्यासारखा कमीजास्त नको.
ताई

२८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अभिनंदन, माघार-मास्तरीणबाई! लहानपणी आई तुला बाजारात पाठवायची आणि तू भांडण दिसलं की रिकामी पिशवी घेऊन परत यायचीस, तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं की ही पुढे मोठी होणार. ही म्हणते, जिन्याखालून आता तरी वर बसवतील ताईंना. मी म्हटलं, वर बसवलं तर तिचं डोकं कशावर आपटायचं?

तू बारक्याची चौकशी केलीस आणि चौथ्या दिवशी त्याचं पत्र हजर. कुठे आहे ते लिहीत नाही, नियम आहे म्हणतो. त्याची पत्रं वाचूनच पुढे सोडतात. पण मजा लिहिलीय ती तुझ्यासाठी उतरवून काढतो. कुठल्याशा टेकाडावर आहेत. खेचरं शेवटच्या वळणापर्यंत येतात, पुढचं सगळं पाठीवर. दुपार सरली नाही तोच सूर्य उजवीकडच्या सुळक्यामागे जातो आणि मग दात वाजायला लागतात. खाली दोन ओढे एकमेकांना मिळतात, त्यातला एक दुधासारखा पांढरा. तो म्हणतो, बाबा, वरून बघताना वाटतं कुणी चहात दूध ओततंय आणि आपल्याला मात्र कोरा मिळतोय. सहा फुटी धिप्पाड पोर, पण अजून चहासाठी रडतंय.

आत्याला खास नमस्कार सांग, म्हणाला. तू पुढच्या पत्रात त्याला चार शब्द लिही.

राग धरत नाहीस, म्हणून लोभ मागत नाही. तो गृहीतच धरला आहे.
धाकटा

२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

एक सांगते, ते ऐक आणि का म्हणून विचारू नकोस. मी कळवेपर्यंत बारक्याविषयी मला काहीही लिहू नकोस. त्याची पत्रं उतरवून पाठवू नकोस. त्याला माझं पत्र आत्ता जाणार नाही.

घरची बाकी खुशाली कळव.
ताई

१० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिला वाचून दाखवायला नको होतं. दाखवलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि विचारलं, आपल्याकडून काही चुकलं का? काय सांगू मी तिला?

ताई, तुला मूल नाही म्हणून कधी कुणी तुला बोललं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो आहे. बारक्याला चालायला तू शिकवलंस. फौजेत जायचं खूळ त्याच्या डोक्यात तुझ्या नकाशांनीच घातलं. त्या वेळी मी चिडलो होतो, तर तूच माझी समजूत काढली होतीस. आणि आता मोठं काम मिळालं, तर पोराची खुशालीसुद्धा जड झाली? साहेबांसमोर साधा शिपाई भाचा लाजिरवाणा वाटतो का?

खुशाली विचारलीस म्हणून सांगतो. दुकान चालू आहे. माझी पाठ दुखते. ज्याची खुशाली खरी सांगायची, त्याची तुला नको आहे.

लोभाचं तू बघ.
धाकटा

२५ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हे पत्र टपालाने पाठवत नाही, तुमच्याकडे येणाऱ्या माणसाच्या हाती देते आहे. वाचून जाळून टाक.

तुझा प्रत्येक शब्द लागला, पण रागावले नाही. तुझं ते चहाचं पत्र वाचलं आणि मी खुर्चीत बसूनच राहिले. पांढरा ओढा, दोन पाण्यांचा संगम, उजवा सुळका, खेचरांचं शेवटचं वळण. वाचून सोडणाऱ्याला त्यात काही दिसलं नसेल, कारण त्याने तो नकाशा उशाशी घेऊन महिना काढलेला नाही. मी काढला आहे. मला ज्या चौकीबद्दल मत विचारलं होतं, त्याच चौकीवर बारक्या आहे.

आता दुसरी गंमत ऐक. ज्याचं घरचं माणूस त्या जागी आहे त्याने मत द्यायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो मीच लिहिला होता. एका मोठ्या तज्ज्ञांनी जावयाच्या पलटणीसाठी मत वाकवलं, तेव्हा मी भर सभेत भांडून तो मंजूर करून घेतला. टाळ्या पडल्या होत्या.

माझं मत तुझं पत्र यायच्या आधीच लिहून झालं होतं: खाली आणा, वाट बंद व्हायच्या आत. फक्त नीट उतरवून काढायचं होतं. गप्प राहावं असं फार वाटलं. म्हणून तुला ते तुटक पत्र लिहिलं. वाटलं, आणखी काही कळलं नाही तर कळलेलं पुसलं जाईल. पण उतरवून काढताना हात थांबायला लागला. धान्याचा हिशेब मी पलटणीचा करते आहे की एकट्या बारक्याच्या पोटाचा, हे मलाच सांगता येईना.

संचालकांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, म्हणाले, बाई, तुमचा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे. आणि माझे कागद कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. काम विभागप्रमुखाकडे गेलं. तोच, माझा विद्यार्थी. हुशार आहे, पण कधी ओल्या बुटांत चाललेला नाही. त्याने मत दिलं: चौकी राखावी. काल ते मंजूर झालं.

त्याच्या खोलीत जाऊन भांडले. तो उभा राहून ऐकत होता, खुर्ची देत होता, मॅडम मॅडम म्हणत होता. शेवटी म्हणाला, मॅडम, हे तुम्ही आत्या म्हणून बोलताय की अभ्यासक म्हणून? मी जिन्याखाली परत आले.

लोभ उरला असेल तेवढा पुरे.
ताई

३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र जाळलं. आधी तीनदा वाचलं.

तुला कुणी सांगितलं होतं हरिश्चंद्र व्हायला? तुझं मत आधीच झालं होतं ना? खरं होतं ना? मग कुणाला कळणार होतं? बारक्या सांगणार नव्हता, मी सांगणार नव्हतो. एवढी वर्षं तू ओरडत होतीस की माझं कुणी ऐकत नाही, आणि ज्या दिवशी ऐकणार होते त्या दिवशी तूच तोंडावर हात ठेवलास. मला तुझा अभिमान वाटायला हवा, असं ही म्हणते. वाटत नाही. दुकानात बसतो, समोरच्याला अक्षरं वाचायला सांगतो आणि तो काय वाचतो ते मला ऐकू येत नाही.

शेवटी ही जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो. ताईंनी नियम पाळला, बरं केलं. आता म्हणावं, पोराला पाळा.

बारक्याचा फौजी पत्ता सोबत आहे. तुझ्यावर रागावलो आहे आणि तुझाच आहे.
धाकटा

९ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आत्याने इतके दिवस लिहिलं नाही, त्याचं कारण बाबा कधीतरी सांगेल. आता माझ्याकडे कसलंही काम नाही, त्यामुळे भरपूर वेळ आहे आणि तुझी सुटका नाही.

मोजे रोज बदल. ओले मोजे फेकू नकोस, शर्टाच्या आत पोटाशी ठेव, अंगाच्या उबेने वाळतात. मी वाचलेली निम्मी सैन्यं शत्रूने मारली नाहीत, ओल्या मोज्यांनी मारली. पाय बधिर झाले तर शेकोटीजवळ नेऊ नकोस आणि बर्फाने चोळू तर मुळीच नकोस. सोबत्याच्या काखेत दे. तो शिव्या देईल, देऊ दे. स्टोव्ह पेटवून दार गच्च लावून झोपू नका. थंडीने कुडकुडलेला माणूस सकाळी उठतो, धुराने झोपलेला उठत नाही. भूक नसली तरी खा. कोरा तर कोरा, चहा पीत राहा.

उतरायची वाट आत्ताच आखून ठेवा, हुकूम आल्यावर नाही. वळणावळणाला उंच काठ्या रोवा, बर्फाच्या वर दिसतील अशा. दोरी रोज हाताळा, नाहीतर गोठून काठीसारखी होते. उतरायचं ते सकाळी, बर्फ टणक असताना. निघताना सगळे मोजा, प्रत्येक वळणावर पुन्हा मोजा. हे पत्र तुझ्या साहेबांना वाचून दाखवलंस तरी चालेल. म्हाताऱ्या आत्याची काळजी म्हणून ते हसतील. हसू देत, पण काठ्या रोवा.

आणि एक. माघारीत सगळे उतरेपर्यंत कुणाला तरी मागे थांबून वाट धरून ठेवावी लागते. त्याशिवाय बाकीचे पोचत नाहीत. हे मी माझ्या प्रत्येक पुस्तकात लिहिलं आहे, आणि ते खरं आहे. तो तू नसावास, हे मात्र कुठल्याही पुस्तकात लिहिता आलं नाही.

लोभ मागत नाही. उत्तर पाठव.
तुझी,
आत्या