इंजिन पूर्ण बसलंय

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. (ही पाच अक्षरं आईने सांगितली तशीच लिहिली आहेत. पहिल्या तिघांत साष्टांग नमस्कार आहे हे माहिती होतं. शेवटच्या दोघांना मी कालपर्यंत 'व्हेरी व्हेरी' समजत होतो. हसू नकोस, पुढे सगळा घोळ असाच झालाय.)

तू कशी आहेस? कंबर काय म्हणते? नवा चष्मा लागला का? आणि बाबांचा गुडघा कसा आहे? वाकतो का? किती वाकतो? म्हणजे समज, एखादं स्टूल जमिनीपासून फक्त वीतभर उंच असलं, तर त्यावर त्यांना बसता येईल का? आणि मुख्य म्हणजे उठता येईल का? (सहज विचारतोय.) (सहज विचारत नाहीये.)

माझं पत्र बघून दचकली असशील. पण फोन केला की तू तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतेस आणि भाजी निवडत बसतेस, आणि टेबलाच्या पलीकडे बाबा पाय लांब करून असतात. मला सांगायचंय ते फक्त तुझ्यासाठी आहे, म्हणून पत्र. लहानपणी मी सुट्टीत पाठवलेली पत्रं तू जेवायच्या वेळी सगळ्यांना कशी खणखणीत वाचून दाखवायचीस, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट, ते आठवून आज फार बरं वाटलं. या पत्रातल्या चुकाही लाल पेनाने दुरुस्त कर. शाळेतून तू रिटायर झालीस, पेन झालेलं नाही, हे मला माहिती आहे.

तर, मी गाडी घेतली. एवढं बाबांनी सांगितलंच असेल. तुमच्या गावी ऑपरेशन झालेला गुडघा बसच्या सीटमध्ये मावणार नाही, म्हणून मीच बाबांना म्हटलं होतं की येत्या रविवारी तुमच्याकडे गाडी घेऊन येतो आणि तुम्हाला घरी नेतो. त्यावर बाबा फक्त "बघू" म्हणाले. पण आई सांगते, त्यांनी तुमच्या गल्लीतल्या न्हाव्यालासुद्धा सांगून ठेवलंय. आत्या, तुझा भाऊ तुला माहितीये. आयुष्यात कधी कोणाला स्टेशनवर घ्यायला येऊ दिलं नाही त्यांनी, आणि आता न्हाव्याला सांगतात की मुलगा न्यायला येतोय.

बाबांना मी जे सांगितलं नाही ते असं, की गाडी स्पोर्ट्स कार आहे. लाल. दोन सीटची. (दोनच सीट कशाला, असं आई विचारते. मी म्हटलं, मी आणि बाबा, दोघंच तर येणार आहोत. तिसरं कोण? ती म्हणाली, "अक्कल. पण तिला तू घरीच ठेवून जातोस.") दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली आहे, पण त्याचं मला काही वाटलं नाही, कारण मी वर्षभर रात्रंदिवस या एकाच मॉडेलबद्दल वाचतोय. या इंजिनात मोठा टर्बो बसवला, इंजेक्टर बदलले आणि एक्झॉस्ट मोकळा केला की ते कसं बोलायला लागतं ते मला तोंडपाठ आहे. फक्त ते सगळं मी इंग्लिशमध्ये वाचलंय. आणि गाडी विकणारे दातांचे डॉक्टर मराठीत बोलले.

फार सज्जन माणूस. खोटं एक अक्षर बोलले नाहीत, आणि हेच माझं दुःख आहे. गाडीवरचं कव्हर काढून म्हणाले, "हे बघा, मी लपवाछपवी करणार नाही. इंजिन बसलंय."

आता तूच सांग. नवा शर्ट अंगाला चांगला होतो तेव्हा आपण काय म्हणतो? छान बसलाय. दार चौकटीत नीट गेलं की? बसलं. मला वाटलं, कोणीतरी इंजिन काढून, साफ करून, पुन्हा फिट बसवलंय. म्हटलं, "अरे वा! कोणी बसवलं?"

"कोणी कशाला बसवेल? आपोआप बसलं."

"पूर्ण?"

"पूर्ण. जरासुद्धा हलत नाही."

आत्या, इतकी जुनी गाडी आणि इंजिन हलत नाही! व्हायब्रेशन शून्य! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी चालवून बघू का विचारलं, तर ते हसून म्हणाले, "चालवून काय बघणार आता?" मला वाटलं, काय आत्मविश्वास आहे माणसाचा. पुन्हा पुन्हा विचारत होते, "तुम्हाला नक्की हीच हवीय ना? या स्थितीत?" आणि मी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून म्हणत होतो, "याच स्थितीत हवीय, डॉक्टर. बदलू नका काही."

गाडी ट्रकवर चढवून घरी पाठवली. मला तो मान वाटला. (नवरीसुद्धा चालत सासरी जात नाही.) ट्रकवाल्याने उतारावरून ती न्यूट्रलमध्ये सोडली, आमच्या जागेत बरोब्बर जाऊन उभी राहिली, अख्खी बिल्डिंग गॅलरीत. मी आत शिरलो, किल्ली फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. बॅटरी मात्र उत्तम होती, त्यामुळे हेडलाइट उघडले. या गाडीचे हेडलाइट पापण्यांसारखे वर येतात. त्यातला एकच येतो. समोर सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंच्या सासूबाई उभ्या होत्या. गाडीने त्यांना डोळा मारला. मी घाबरून बटण दाबलं, तर परत मारला. त्या दिवसापासून त्या जिन्याच्या मागच्या दाराने जातात.

मग कोणीतरी म्हणालं धक्का मारू या. तिन्ही मजल्यांनी मिळून धक्का मारला, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, आणि मागची चाकं न फिरता नुसती फरफटली. लग्नाला न जाणाऱ्या मुलासारखी. धक्का सगळ्यांनी गाडीला दिला, बसला मात्र मला.

शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला आणलं. त्याला सगळे 'सर्जन' म्हणतात, कारण तो आधी उघडतो आणि मग विचारतो काय होत होतं. त्याने बॉनेट उघडलं, मोठा पाना लावून जोर केला, पाना सोडला.

"इंजिन बसलंय," तो म्हणाला.

"माहितीये," मी म्हटलं. "पूर्ण बसलंय."

"माहिती होतं? मग घेतली कशाला?"

"म्हणून तर घेतली!"

त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

तेवढ्यात आई खाली आली. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण मराठी कळतं. सर्जनने तिला बाजूला घेऊन सांगितलं, आणि मग तिने माझी शिकवणी घेतली, भर पार्किंगमध्ये.

"घसा बसतो तेव्हा काय होतं रे?"

"आवाज जातो."

"धंदा बसतो तेव्हा?"

"दुकान जातं."

"मग इंजिन बसतं तेव्हा काय जातं, बाळा?"

आत्या, मी तिथेच पायरीवर... जाऊ दे, तो शब्दच नको. अजून विश्वास ब... वाटत नाही. एकाच क्रियापदाने फिट व्हायचं आणि त्यानेच मरायचं? ही कुठली भाषा? तू एवढी वर्षं हे मुलांना शिकवलंस आणि एकदाही कोणाला सावध केलं नाहीस? मला इंग्लिश मीडियममध्ये घालताना तू एकटीच विरोधात होतीस. तेव्हा तू म्हणाली होतीस, "एक दिवस याला भाषेचा फटका बसेल." बघ, त्यातसुद्धा तेच!

बरं, इंजिन बाजूला ठेवू. (सर्जननेही तेच सुचवलंय, बाजूला काढून ठेवू म्हणतो.) मला वाटलं, निदान बाबा गाडीत मावतात का ते बघू. त्यांनी परवा फोनवर विचारलं होतं, "गाडीत पाय लांब करता येतात ना?" मी म्हटलं, हो बाबा, लांबच करावे लागतात. खोटं नाही ते. मग चाचणी म्हणून आईला म्हटलं, जरा आत शिर. ती शिरली, खाली खाली गेली, "अगंबाई" म्हणाली, आणि मग दिसेनाच. सीट चांगली आहे म्हणाली. बाबांना आवडेल म्हणाली. आणि मग बाहेर येता येईना. शेवटी सर्जनने एक हात आणि सेक्रेटरीबाईंनी दुसरा हात धरून ओढलं. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तू आपला बसने जा." मी तो शब्द ऐकून पुन्हा दचकलो.

तर अशी खुशाली आहे. आई बरी आहे. मी मागवलेला एक्झॉस्टचा पाइप आलाय, तिने त्यात छत्र्या ठेवल्यात. तुला नमस्कार. बाबांना नमस्का... नको, त्यांना काहीच सांगू नकोस.

तुझा (अजून असेन तर) लाडका,
भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. रविवारी बाबा बॅग भरून सकाळपासून तुझ्या दारात येऊन थांबतील. नुसते रस्त्याकडे बघत राहतील, आणि ते मला सहन होणार नाही. म्हणून काहीही कर, गुडघ्याला अजून विश्रांती हवी असं डॉक्टरच म्हणाले म्हणून सांग, पण महिनाभर त्यांना तिथेच बसवून ठेव. (हे बसवणं बरोबर आहे ना?)

ता. क. २. महिना अशासाठी, की इंजिन उघडायचंच आहे तर मोठा टर्बो आत्ताच घालून घेतो. एका कामात दोन कामं. ऑर्डर दिली आहे. आईला माहिती नाही.

ता. क. ३. आत्ता पाकीट चिकटवताना एकदम आठवलं. हे पत्र प्लीज जेवायच्या वेळी मोठ्याने वाचू नकोस. अगदी पहिल्या ओळीपासून मनातल्या मनात वाच. बाबा समोरच बसलेले असतील.