दोन रेघांची मतं

अमरावती,
कार्तिक पौर्णिमा, शके १८५६

ती. खुशालराव भाऊजी यांसी,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार पोचावा. इकडे सर्व क्षेम, असं लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. जयवंता बरी आहे. तिच्या मते मी बरा नाही, पण हे तिचं लग्नापासूनचंच मत आहे. शाळेत यंदा संस्कृत घेणारे नऊ जण. सात गणिताला भिऊन आलेत, दोन गणिताच्या मास्तरांना.

चार महिने झाले, तुमची ओळ नाही. पूर्वी तुमचं कार्ड यायचं, त्यात अक्षरं थोडी आणि मळ्यातल्या मातीची बोटं फार. मी पोरांना दाखवून म्हणत असे, हा शिलालेख ज्याला लागला त्याला परीक्षेचं भय नाही. आता पोरं विचारतात, शिलालेख का येत नाही? मी त्यांना धातुरूपं म्हणायला लावतो.

एक बातमी कळवायची राहिली. माझा अहवाल नागपूरच्या अभ्यासमंडळाने छापला. नवी राज्यघटना येऊ घातली आहे, तिच्यात देशभर मत कसं घ्यावं, हात वर करून, रंगीत पेट्यांतून की पसंतीचे क्रम लावून, यावर चौतीस पानं. नावापुढे ‘शास्त्री’ त्यांनी आपणहून लावलं, मी खोडलं नाही. तुमच्या अकोल्याच्या प्रयोगाला वेगळं प्रकरण आहे. ‘निरक्षर मतदारांनीही एकही मत बाद होऊ दिलं नाही’ हे वाक्य जाड ठशात आहे. पौषात व्याख्यानाला बोलावलंय.

हे सगळं आनंदाचं आहे. तरी भाऊबिजेपासून घास उतरत नाही.

अक्का आली होती ते तुम्हाला ठाऊक आहेच. तिने ओवाळलं, मी तबकात लुगडं ठेवलं, तर तिने ते उचलून माझ्याच मांडीवर ठेवलं.

“मले लुगडं नको, उत्तम. मतं तूच मोजली होती ना?”

“मीच मोजली.”

“मंग सांग. आपले लोक यायच्यावर एवढे काहून रुसले? हे बाजारात जात नाहीत आता. म्हणतात, ज्यायले मी नको झालो त्यायच्यापुढं कोणत्या तोंडानं उभा राहू? बाजारातला रामराव बोलवाले आला त हा माणूस उठून आतच चालला गेला.”

मी तिला म्हणालो, अगं, निवडणुकीत असं होतंच. दिवा तसाच हातात धरून ती माझ्याकडे पाहत राहिली. लहानपणी मी पेरू चोरले की अशीच पाहायची. त्याला आज तेरा दिवस झाले.

आता जे लिहितो त्यातलं बरंचसं तुमच्या डोळ्यांपुढे घडलेलं आहे. पण क्रम लावल्याशिवाय मला खरं बोलता येत नाही, हा शिक्षणाचा दोष समजा.

मोर्णा नदीकाठचे अकरा मळे सरकारने गोदामांसाठी घ्यायचे की नाही, याची चौकशी नागपूरला व्हायची होती. तुमच्या बागायतदार मंडळाने एक माणूस निवडून तिथे पाठवायचा होता. तुम्ही जाणार हे आषाढात गाढवालाही ठाऊक होतं. वहिवाटीचे कागद तुम्ही जमवलेले, विहिरी तुम्ही मोजलेल्या. तुम्ही मला म्हणालातही, “मास्तर, हात वर कराले लावा अन् मोकळे व्हा. आपल्या लोकायले एवढं लफडं कायले?” मी तुम्हाला तुमच्याच ओसरीवर पाऊण तास व्याख्यान दिलं. हात शेजाऱ्याकडे पाहून वर होतो, गुप्त क्रम मनातून येतो, वगैरे. ते खोटं नव्हतं, भाऊजी. पण मला खरी गरज होती ती अहवालासाठी एका जिवंत निवडणुकीची, आणि माझ्या भाऊजींची निवडणूक फुकट मिळत होती.

नावं तीन. भगवंतराव, कारण ऐंशी वर्षांच्या माणसाचं नाव वगळणं बरं दिसत नाही. देवीदास, कारण त्याला उभं राहण्याची हौस. आणि तुम्ही. नावांपुढे चित्रं काढली: पागोटं, तराजू, वांगं. वांगं पाहून तुम्ही हसलात, ते तुमचं मी ऐकलेलं शेवटचं हसू. पहिल्या पसंतीला एक रेघ, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

हे लोकांना समजावायचं कसं? त्या बुद्धीची मला फार घमेंड होती. मी पारावर उभा राहून म्हणालो, “बैठकीत विडे देता ना? पहिला कोणाले, दुसरा कोणाले, तिसरा कोणाले? तसंच हे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. नागपूरच्या अभ्यासमंडळाचे दोन निरीक्षक खुर्च्यांवर बसले होते, त्यांनीही डोलावल्या. अग्रपूजेचं तत्त्व मी इतक्या सोप्या भाषेत सांगितलं म्हणून मला वर्गात कधी वाटलं नाही इतकं बरं वाटलं.

आपल्या बैठकीत पहिला विडा कोणाला जातो, भाऊजी? जो सगळ्यांत म्हातारा, त्याला. तो विडा खातो आणि भिंतीला टेकतो. काम सांगायचं असतं ते दुसऱ्या विड्याच्या माणसाला. आपल्या घरी मी पन्नास वेळा तबक फिरवलंय. मला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

लोक माझं तंतोतंत समजले. एकशे त्रेसष्ट जणांनी एक रेघ भगवंतरावांपुढे ओढली. देवीदासला सव्वीस, तुम्हाला बावीस. पहिल्याच मोजणीत निम्म्याहून जास्त, म्हणून दोन रेघा पाहायचं कारणच उरलं नाही. भगवंतराव नागपूरला गेले. साहेबाने खुर्ची दिली, चहा विचारला. म्हातारा भारावला आणि म्हणाला, आमची काही तक्रार नाही. अकरा मळ्यांत खांब रोवले गेले. तुमचा चौथा.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मास्तर चुकला, माणूस चुकतो. पुढचंही वाचा.

त्या दिवशी दहा वाजले असतील. जेमतेम वीस मतं पडली होती. मंडळातलीच, फुलं विकणारी गंगूबाई कागद पेटीत टाकून पदराने हात पुसत मोठ्याने म्हणाली, “झालं बापा. म्हाताऱ्याले मान देला, खुशालरावले काम देलं.”

मी तिथेच होतो. मला त्या क्षणी सगळं उलगडलं. पेटी उलटी करून, पुन्हा समजावून, दुपारपर्यंत नवं मतदान घेता आलं असतं. निरीक्षकांपैकी एक जण घड्याळ पाहत होता. दुसरा वहीत लिहीत होता आणि चेहऱ्यावरून चांगलं लिहीत होता. मी गंगूबाईला काय म्हणालो सांगू? “बाई, मतदान गुप्त असतं, बोलायचं नसतं.”

बिचारी ओशाळली.

संध्याकाळी तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, “यात काही चूक तर नाही ना, मास्तर?” मी म्हणालो, “लोकांचा कौल आहे, भाऊजी, मान्य करा.” तुम्ही मान्य केलात. माझ्या शब्दावर.

त्या पेटीतले कागद माझ्या कपाटात आहेत. अक्का गेल्यावर ते पहिल्यांदा दोन रेघांसाठी पाहिले. भगवंतरावांना मान देणाऱ्या एकशे त्रेसष्टांपैकी एकशे एक्कावन्न जणांनी दोन रेघा तुमच्या वांग्यापुढे ओढल्या आहेत. काहींनी इतक्या जोराने की कागद फाटलाय. कोणी रुसलेलं नाही. लोकांनी मळे वाचवायला तुम्हालाच धाडलं होतं. पोचू दिलं नाही ते मी.

मळे परत येणार नाहीत, मी वकिलाला विचारलं. अहवाल मागे घ्यायचं पत्र दोनदा लिहिलं. दोन्ही घरातच आहेत. तेवढा धीर आलेला नाही, हेही कळवतो, उगाच माझ्याबद्दल बरं मत व्हायला नको.

कागदांचा गठ्ठा तिकडे येणाऱ्या किसनरावांबरोबर पाठवतो आहे. हे पत्र मात्र घरात ठेवू नका. बाजारात जा, रामरावाला हाक मारा आणि सगळ्यांपुढे त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. गंगूबाईला पुढे बसवा. माझं नाव कुठेही गाळायचं नाही.

त्या दिवशी सकाळी दहापासून सगळं ठाऊक असलेला,
उत्तम