बिस्किटचा पिंजरा

टल्सा, ४ ऑक्टोबर १९९४

ती. ओपलताईस,
वर्जिलचा सा. न. वि. वि.

रोंडा केसीला घेऊन पुढच्या आठवड्यात कायमची माझ्याकडे येतेय. जावयाशी तिचं आता जुळायचं नाही. लेक नि नात घरी येणार म्हणून मी हरखलोय, पण तिची अट आहे: अजगर पक्क्या पिंजऱ्यात दिसला तरच ती राहील, नाहीतर आल्या पावली परत. केसी आता रांगते आणि दिसेल त्याला हात घालते.

अजगराला ठेवलेला माझा तो माशांचा टँक आणि झाकणावरच्या विटा तुला आठवत असतील. परवा बिस्किटने विटांसकट झाकण उचललं आणि फ्रिजमागे जाऊन बसली. म्हणून सुताराकडून जाड प्लायवुडचा पिंजरा करून घेतोय. पुढे सरकत्या काचा, त्यांना किल्लीचं कुलूप, आतल्या दिव्याला जाळी. देऊन टाक तिला, असं तू लिहिशीलच. माझी नॉर्मा गेल्यावर तिने हाताने वाढवलेली बिस्किट तेवढीच या घरात उरलीय, ताई.

तुझा,
वर्जिल

विचिटा, ९ ऑक्टोबर

चि. वर्जिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

इतकी तयारी तू स्वतःच्या लग्नाच्या वेळीसुद्धा केली नव्हतीस! कुलूप झकास आहे. पण तिला खायला कुठे घालतोस? नॉर्मा बाथटबमध्ये घालायची. मी एकदा साबण घेऊन पडदा सारला होता, तो साबण अजून सापडायचाय. ते चालूच असेल तर पिंजऱ्याचं कुलूप काय कामाचं? तुमच्या बाथरूमच्या दाराला साधी कडी नाही. रोंडा लेकराला तिथेच आंघोळ घालणार ना?

रागावू नकोस, उत्तर मात्र दे.

तुझी,
ओपल

टल्सा, १५ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

रोंडा आली. तिने काचा हलवून पाहिल्या, कुलूप ओढून पाहिलं, मगच बॅगा उघडल्या. टबचं म्हणशील, तर आमच्या सापवाल्यांच्या क्लबात सगळे तसंच करतात. पिंजऱ्यात खायला घातलं की साप पुढे येणाऱ्या प्रत्येक हातालाच घास समजतो. रविवारी ससा देतो, तेवढ्यापुरती ती बाहेर. दाराला बाहेरून खुर्ची लावतो. उगाच राईचा पर्वत करू नकोस.

तुझा,
वर्जिल

टल्सा, २४ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे.

काल बिस्किटला टबमध्ये ठेवलं, दाराला खुर्ची लावली आणि फ्रीझरमधला ससा गरम पाण्यात घालायला स्वयंपाकघरात गेलो. ती उपाशी, घरभर सशाचा वास. परतलो तर खुर्ची आडवी पडलेली आणि दार उघडं. मी रोंडाच्या खोलीकडे धावलो. केसीच्या पाळण्यात बिस्किट वेटोळं घालून बसली होती.

केसी रडली म्हणून रोंडाने तिला नुकतंच उचलून अंगणात नेलं होतं. दुलई अजून उबदार होती.

रोंडा बॅगा भरतेय. तू बरोबर होतीस, ताई, आणि मी गाढव. काय करू, ते लगेच लिही.

वर्जिल

विचिटा, २७ ऑक्टोबर

चि. वर्जिल यास आशीर्वाद.

काय करायचं ते मला विचारू नकोस, रोंडाला विचार. ती सांगेल ते निमूट कर.

ओपल

टल्सा, ६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

विचारलं. बिस्किटला देऊन टाक, असं ती एकदाही म्हणाली नाही, आईची आठवण तिलाही आहेच. म्हणाली, केसी राहते त्या घरात अजगर नको. म्हणून पिंजरा गॅरेजात हलवला. ससा आता पिंजऱ्यातच, लांब चिमट्याने देतो. एरवी पिंजरा उघडला की आधी लांब आकड्याने तिला हलकेच डिवचतो, म्हणजे हा घास नाही हे तिला कळतं. थंडीत हीटरवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, म्हणून माझी खाटही तिथेच टाकलीय. घराकडच्या दाराची कडी रोंडाच्या बाजूला आहे. ती मीच बसवली.

सकाळी मी दार ठोठावतो. कुलूप लावलंय का, असं रोंडा आतून विचारते. मी परत जाऊन ओढून पाहतो आणि सांगतो. आज ती विचारायच्या आतच पलीकडून, दाराच्या अगदी खालून, थापा ऐकू आल्या. केसी. मीही खाली बसलो. कडी निघेपर्यंत ती तिकडून आणि मी इकडून दारावर थापा मारत होतो.

माया आहे तशीच ठेव.

तुझा,
वर्जिल