तुरुंगातला श्लोकांचा तास

३ फेब्रुवारी, बुधवार
नाही शिकवणार! तोंडावर सांगून आले. तुरुंगाच्या अधीक्षकबाईंनी छापील कागद पुढे सरकवला — सदाचाराचे वीस नियम. "तुमचे संस्कृत श्लोक पुरे आता, बाई. कैद्यांकडून हे पाठ करून घ्या." म्हटलं, नियम तर इथे भिंतीभिंतीवर रंगवलेत. सुधारलं का कोणी?

सदतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. 'खरे बोलावे' हे पोरं परीक्षेत लिहितात नि विसरतात. श्लोक कानात घर करतो. आपल्या जुन्या कवींना ठाऊक होतं — उपदेश कडू लागतो, आधी मन जिंकावं लागतं.

४ फेब्रुवारी
लेक फोनवर — "आई, निवृत्त झालीस ना? खुनी बायकांना कविता कशाला?" फोन मीच ठेवला.

१० फेब्रुवारी, बुधवार
गेलेच! कागद पिशवीतच राहू दिला. एका जुन्या काव्यातला श्लोक म्हटला, अर्थ सांगितला — पेटल्या झाडावरून पाखरं उडावीत, तसे खोटं बोलणाऱ्याच्या तोंडून चांगले शब्द उडून जातात. परतायला फांदीच उरत नाही.

समोर अठरा बायका. त्यातली एक शिंपीण म्हणाली, "बाई, चालीत म्हणा की परत." चारदा म्हणायला लावलं. शेवटी तिनंच चाल लावली — माझ्यापेक्षा गोड!

सासूला जिन्यावरून ढकलून मारल्याचा खटला तिच्यावर. धाकटी जाऊ त्याच खटल्यात, शेजारच्या बराकीत. "ढकललं जावेनं, मी पाहिलं," हे शिंपिणीचं पहिल्यापासूनचं म्हणणं. माफीची साक्षीदार झालीय. सोमवारी साक्ष दिली की सुटल्यातच जमा.

निघताना अधीक्षकबाई दारात. "पुढच्या बुधवारी नियम, नाहीतर तुमचा तास बंद." म्हटलं, बघू कोण बंद करतं!

१२ फेब्रुवारी
वरच्या कार्यालयात अर्ज दिला. तीन पानी. 'कवितेने माणूस बदलतो' — या वाक्याखाली रेघ मारली. कारकून हसला. हसू दे!

१५ फेब्रुवारी, सोमवार
अधीक्षकबाईंचा फोन. शिंपिणीनं कोर्टात साक्ष फिरवली. "जावेनं नाही, मी ढकललं." जाऊ सुटेल. हिची माफी गेली. आता जन्मठेपच.

"तुम्हीच शिकवलंत ना, बाई?"

"हो. मीच."

तिची दोन लहान मुलं आजोळी आहेत म्हणे. आज कळलं. उद्या त्यांच्याकडे जायचंय. काय बोलणार, ठाऊक नाही. जाणार मात्र आहे.