नवसाच्या बोकडाचा खुलासा

वसमत,
जानेवारी २००३

तीर्थस्वरूप ताईस,

सत्यशीलेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, म्हणून सध्या कागदावरच ठेवलं आहे. बाकीचा भेटल्यावर.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींना हुरड्यावर थंड पाणी पिऊ देऊ नकोस, मग रात्रभर खोकतात. ते तुझं ऐकत नाहीत हे मला माहीत आहे, तरी सांगत जा. मीही सगळी नोकरी न ऐकणाऱ्या मुलींपुढे बोलण्यात घालवली आणि त्यातल्या बऱ्याच पुढे मास्तरणी झाल्या. हे पत्र नेहमीसारखं प्रियंका मोठ्याने वाचत असणार आणि गंगाधर, सूनबाई, शेजारपाजार सगळे कान देऊन बसले असणार. बसू देत. सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच लिहिते आहे. फक्त माझी सही आली की प्रियंकाने थांबायचं आणि कागद तुझ्या हातात द्यायचा. पुढचं मी मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, तुझं तुला वाचता येईल.

तर आता बोकड. तुझा गंगाधर मोंढ्याच्या बाजारात हळद घालायला आला होता, तो माझ्याकडे चहालाही न येता परस्पर शिरड शहापूरला घरी गेला आणि तिथून मला फोन केला, "मावशी, आमी जे ऐकून राहिलो ते खरं हाय का?" मी विचारलं, काय ऐकून राहिलास? तर म्हणे मावशी ख्रिस्ती झाली आणि नाताळात कापायला तिने दारात बोकड बांधला, पण तो देवीचा निघाला म्हणून आता अडकून पडलाय. ताई, या एका वाक्यात चार चुका आहेत. मी झालेले नाही, बोकड मी बांधलेला नाही, कापायचा तर प्रश्नच नाही (मला मटण पचत नाही हे तुला माहीत आहे), आणि तो देवीचा "निघाला" नाही, तो पहिल्यापासून देवीचाच आहे आणि तसं त्याच्या तोंडावर लिहिलेलं आहे. इतका गर्विष्ठ बोकड मी पाहिला नाही.

मी मोंढ्यामागच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात दर रविवारी जाते, हे तुला मी कधी लपवलं नाही. का जाते, तर गाणं ऐकवत नाही म्हणून. त्यांची गीतं अशी बेसूर चालत की मला जालन्याच्या कॉन्व्हेंटातली पेटी आठवायची आणि कान किटायचे. (तिथल्या सिस्टरनी मला कधी ख्रिस्ती हो म्हणून सांगितलं नाही, फक्त ताठ बस म्हणून सांगितलं. अजून बसते.) एक दिवस उठून मी चाल सुधारली आणि तेव्हापासून ते काम माझ्याकडेच आलं. तिथले पास्टर सेनगावकडचे, साखऱ्याचे, नाव बजरंग. तू हसशील. सगळेच हसतात, नाव बदला म्हणतात. ते म्हणतात, आईने नवसाने ठेवलंय, आई अजून आहे. गरीब माणूस, कुणाला उलटून बोलणं जमत नाही.

हेच तर माझ्या डोक्यात जातं. कॅनलला रब्बीच्या पाण्याची पाळी सुटली की बाप्तिस्मा, असं ठरलेलं असतं. माणसं वर्षभर येतात, ऐकतात, रडतातसुद्धा, आणि पाणी सुटलं की एकेकाला ताप येतो. पास्टर त्यांच्या घरी जाऊन विचारपूसही करतात. मी म्हटलं, बजरंगराव, यांना माझ्याकडे पाठवा. गृहपाठ न केल्याची जेवढी कारणं जगात आहेत तेवढी मी ऐकलेली आहेत, ही काही वेगळी नसणार.

पहिले आले माणिकराव, जिनिंगमधून निवृत्त झालेले. म्हणाले, बाई, आधी माणूस तर नीट होऊ द्या. तंबाखू सोडतो, भावाशी बोलणं सुरू करतो, मग पाण्यात उतरतो. मी म्हटलं, म्हणजे घरी आंघोळ करून मग नदीवर जाणार. ते जरा चाचपडले आणि दुसरं कारण काढलं. म्हणे तिथली माणसं तरी कुठं धड आहेत, तुमचा तो ढोलकी वाजवणारा माझी सायकल घेऊन गेला आणि मडगार्ड वाकवून आणलं, वर येशूची शांती असो म्हणाला. मी म्हटलं, देवळाबाहेरून तुमच्या चपला गेल्या होत्या तेव्हा तुम्ही देवळात जाणं सोडलं होतं का? नाही. मग मडगार्डाचा राग वर कशाला नेता? शेवटी बरंच चाचरत खरं बाहेर आलं. "बाई, तुमच्यात मेल्यावर पुरतात म्हणं. मला बंद खोलीत जीव घुसमटतो, बायकोला विचारा, थंडीतबी खिडकी उघडी लागते." ताई, या माणसाला स्वर्गाची शंका नाही, पापाची नाही, त्याला वारा येईल का एवढंच पाहिजे. मी त्यांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, प्रियंका वाचते आहे.

आणि मग आला नामाजी. तुझ्याच गावच्या माळावर मेंढरं घेऊन बसतो तो. त्याची बायको सिंधूबाई मागच्या पावसाळ्यात अगदी जाते की राहते अशी झाली होती, तू बघायला गेली होतीस. तेव्हा नामाजीने तीन गोष्टी केल्या. नांदेडच्या डॉक्टरांकडे नेलं, माळावरच्या देवीआईला नवसाचा बोकड बोलला, आणि पास्टरांना बोलावून डोक्यावर हात ठेवायला लावला. सिंधूबाई उठून बसली. आता दोघं नवराबायको रविवारी एवढ्या लांबून येतात, सगळ्यांत पुढे बसतात आणि सगळ्यांत बेसूर गातात. पण पाण्याचं नाव काढलं की नामाजी मान खाली घालतो. म्हणतो, "बाई, तिघांनीबी मेहनत केली. डॉक्टरला त्याचं दिलं. आता आईचा बोकड दिल्याबिगर मी दुसऱ्याच्या दारात कसा जाऊ? आन् त्या दारात गेल्यावर बोकड आईला कसा देऊ?" देवीच्या नावाने सोडलेला बोकड विकता येत नाही, घरी कापता येत नाही, कानाला काप घेतलेला म्हणून दुसरा कुणी हात लावत नाही. इतका सरळ प्रश्न मला शाळेत कुणी विचारला नव्हता. "तुमी हेडबाई होत्या, न्याव करा," म्हणाला, आणि निकाल लागेपर्यंत बोकड माझ्या अंगणातल्या कडुनिंबाला बांधून गेला.

त्या बोकडाने पहिल्याच सकाळी माझी तुळस बुडापर्यंत खाल्ली. शेजारच्या नीलाबाई कुंपणावरून हे बघत होत्या. देवीच्या बोकडाने खाल्ली म्हणून दोष नाही, की चर्चला जाणारीच्या घरची म्हणून आधीच बाटलेली, हे त्यांना संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही. बिचाऱ्या जेवल्यासुद्धा नाहीत. मग त्यांनी गल्लीत बातमी केली आणि ताई, दुसऱ्या दिवसापासून बायका माझ्या दाराशी यायला लागल्या. ताटात हळद, कुंकू, भिजवलेले हरभरे. मी आपली पदर सारखा करून दार उघडते, तर मला "सरका बाई जरा" म्हणतात आणि बोकडाच्या कपाळाला कुंकू लावतात. रोज. ज्या बायकांनी हे गेल्यापासून इतकी वर्षं एका हळदीकुंकवाला मला बोलावलं नाही, त्या माझ्या उंबऱ्यासमोर बोकडाची ओटी भरायला रांग लावून उभ्या. नीलाबाई वर मला समजावतात, "जपून बरं का, तिकडं गेलात तर गल्लीत तुम्हाला कुणी हळदीकुंकवाला बोलावणार नाही." मी म्हटलं, नीलाबाई, नवरा गेल्यापासून मी ज्या पंगतीत बसलेलीच नाही तिच्यातून मला उठवणार कोण? त्यांना कळलं नाही. बोकडाला कळलं असावं, त्याने त्यांचं ताट उलथवलं.

शेवटी परवा पास्टर, नामाजी, सिंधूबाई आणि (कुणी बोलावलं नसताना) माणिकराव अंगणात जमले. पास्टरांनी नामाजीला फार हळू आवाजात समजावलं, की आमचं सांगणं एवढंच आहे की एक बळी सगळ्यांसाठी एकदाच दिला गेला, आता कुणाचं काही देणं राहिलं नाही. नामाजीने बोकडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजी माझा नवस कुणीतरी आगोदरच फेडला."

"व्हय."

"मला न इचारता?"

"व्हय."

"लई म्होटं काम केलं. पण आईला कुणी कळवलं का?"

पास्टरांनी बायबल उघडून पानं चाळली. त्यांच्या पुस्तकात याला उत्तर नसावं. मी बोलणार तेवढ्यात सिंधूबाई उठली. "मी सांगून येते. बाईमाणसाचं बाईमाणसाला समजतं." आणि खरोखर गेली. एसटी पकडून तुमच्या माळावर गेली, आईपुढे बसून सगळं सांगितलं आणि दिवस मावळायला परत आली. आम्ही सगळे तसेच बसलेलो, माझा साखरेचा डबा रिकामा झाला होता. नामाजीने विचारलं, काय म्हणली आई? सिंधूबाई म्हणाली, "काय न्हाई. ऐकून घेतलं." एवढं म्हणून ती रडायला लागली, नामाजी रडायला लागला, पास्टर तर तयारच होते. माणिकरावांनीसुद्धा डोळे पुसले आणि तंबाखू मळली. दोघं संक्रांतीनंतरच्या रविवारी कॅनलवर येणार हे ठरलं, आणि बोकडाला आता कुणी कापणार नाही हेही ठरलं.

तेव्हा नामाजी माझ्याकडे वळला. "बाई, समद्यांच्या अडचणी तुमी काढल्या. तुमचं काय अडून राहिलं?" मी म्हटलं, पाणी फार थंड असतं. आणि चहा टाकायला आत गेले. साखर नव्हती, तरी गेले.

तर असा हा बोकडाचा खुलासा आहे. गंगाधरला सांग, मोंढ्यात आलास तर मावशीकडे येऊन चहा पी, बातम्या पिऊ नकोस. लहानांना आशीर्वाद.

तुझी,
सत्यशीला

ता. क. ताई, प्रियंका थांबली ना? मी आत चहा टाकत असताना मागच्या दोरीवरून बोकड एक पांढरी साडी ओढत अंगणात घेऊन आला. कोरी, बिनकाठाची, खळ जावी म्हणून धुतलेली. तिकडच्या बायका पाण्यात उतरताना नेसतात तसली. मी ती मागच्या हिवाळ्यात घेतली होती आणि ट्रंकेत तळाला ठेवली होती, त्या सकाळीच धुवायला काढली. मी बाहेर आले तर सगळ्यांनी साडी पाहिली, मग मला पाहिलं. माणिकराव म्हणाले, "बाई, तुमालाबी ताप आला का?" मी साडी बोकडाच्या तोंडातून ओढून घेतली. पदराचं टोक बोकडाने खाल्लं आहे, पण ते खोचण्यात जाईल.

ता. क. दुसरा. बोकड तुझ्याकडे पाठवते आहे. नामाजी सोमवारी घेऊन येईल. तुझ्या गोठ्यात जागा आहे आणि तुमच्या गावात त्याची ओळख आहे. भाऊजींना सांग मी विचारलं होतं. (आता विचारते आहे.)

ता. क. तिसरा. आता खरं. मला कशाचीच अडचण नाही. लोकांची नाही, पुरण्याची नाही, थंड पाण्याची तर मुळीच नाही. पण हे गेल्यापासून दर संक्रांतीला मी तुझ्याकडे येते, तू मला स्वयंपाकघरात नेतेस, दाराला कडी घालतेस आणि काही न बोलता अंगठ्याने माझ्या कपाळाला कुंकू लावतेस. मग बाहेर जायच्या आधी तुझ्याच पदराने पुसतेस. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. परवा पास्टरांना सांगितलं. म्हटलं, बाकी सगळं पाण्यात सोडते, पण ते पूजा नाही, ती माझी ताई आहे, ते सोडायला सांगाल तर मी कोरडीच बरी. ते म्हणाले, "मी माझं नाव बदललं नाही, बाई. मला काय विचारता, ताईंना विचारा."

म्हणून विचारते. या संक्रांतीला मी येतेच आहे. त्यापुढच्या रविवारी ती साडी नेसून कॅनलमध्ये उतरेन. पुढच्या वर्षीच्या संक्रांतीला मला आत घेऊन कडी घालण्यापुरतं दार उघडशील का? तोंडी सांगू नकोस, तुला रडू येईल आणि मला राग येईल. आता मी आले की नेहमीसारखं हात धरून आत ने, म्हणजे मला समजेल.

बोकडही तिथेच असेल. त्याच्या कपाळाला कुंकू लावलंस तरी माझी हरकत नाही. पण आधी मला.