विंडोज बदलायची घाई

अण्णा,

जुन्या लॅपटॉपवर नवीन विंडोज टाकायची तुला एवढी घाई का झाली, ते मला काल कळलं.

दुकानदार स्वतः म्हणाला की ह्या मशीनला व्हिस्टा झेपणार न्हाय, रॅम कमी हाय, एक्सपीच राहू दे. तरी तुझं एकच, सगळं पुसून नवीन टाकू. पाच वर्षांत त्याच्यावरची धूळ कधी पुसली न्हाईस. माझ्या फायली आधी सीडीवर काढ म्हटलं, तर म्हणालास, "त्यात काय हाय एवढं?"

म्हणून उघडून बघितलं. माझ्या लग्नाचा बायोडाटा मी दिवाळीत टाइप केलता. आता त्याच्यावर शेवटचा बदल म्हणून गेल्या शनिवारची तारीख दिसतीय, दुपारचे दोन. शनिवारी माझी शिरोलीला फौंड्रीत ड्युटी असते आणि अव्वाला माउससुद्धा धरता येत न्हाय. "लग्नानंतर नोकरी सुरू ठेवणार" ही ओळ तेवढी गायब हाय. बाकी सगळं जागच्या जागी, संपर्काला थोरला भाऊ म्हणून तुझा मोबाइल नंबरसुद्धा.

परवा मला बघायला आलेले वारणानगरचे पावणं "मुलगी घरीच राहणार, बरं झालं" असं का म्हणाले, तेही समजलं.

ओळ परत घातलीय. प्रिंट घेऊन मी आणि अव्वा, मायलेकी दोघी वारणानगरलाच निघालोय, त्यांच्या हातात द्यायला. भात झाकून ठेवलाय, आमटी गरम करून घे.

लॅपटॉप टेबलावर हाय. आता काय पुसायचं ते पूस.

शिवलीला