बाजार शाखेची दोन दारं

४ फेब्रुवारी, मंगळवार

सातवी शाखा आज संपली. तीन महिने मी शहरातल्या सगळ्या सार्वजनिक वाचनालयांत बसून, लोक तिथे नेमकं काय करतात ते लिहीत होते. पुस्तकं किती गेली ते रजिस्टर सांगतं, बाकीचं कुणी लिहून ठेवत नाही. मी ठेवलं. पुलाजवळच्या शाखेत एक शिंपी मासिकांतल्या बाह्यांचे नमुने कागदावर उतरवून घेतो. एक गृहस्थ रोज नकाशांचं पुस्तक उघडून एकाच गावावर बोट ठेवतात — मुलगी तिथे दिली आहे. शब्दकोशांच्या कपाटामागे माझ्यादेखत एक ठरलेलं लग्न मोडलं. सगळं कुजबुजत, कारण भिंतीवर 'शांतता राखा'.

आत्या म्हणते, "एवढं शिकून माणसं मोजायची नोकरी? शेळ्या मोजल्या असत्यास तर घरात दूध तरी आलं असतं."

घरातली पहिली पदवी माझी, त्यामुळे तिच्यावर बोलायचा हक्क सगळ्यांनाच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अहवाल साहेबांकडे दिला. एकशे बारा पानं, समासात पेन्सिलीच्या टिपा. त्यावरूनच ग्रंथालय समिती ठरवणार, सातांपैकी कुठली शाखा वाढवायची आणि कुठली बंद करायची. म्हणून एकही ओळ अंदाजाने लिहिली नाही.

साहेबांना कार्यालयात सगळे 'पूर्णविराम' म्हणतात. कुठलाही वाद ते त्याच शब्दाने मिटवतात. आजही पानं भराभर चाळली. "समितीला गोष्टी नकोत, आकडे हवेत. सात शाखा, सात आकडे. पूर्णविराम."

११ फेब्रुवारी, मंगळवार

टंकलेखक बाईंच्या टेबलावर अहवालाचं पहिलं पान होतं. 'सर्वेक्षण व लेखन' — आणि खाली साहेबांचं नाव. फक्त त्यांचं. मी शेवटचं पानही उलटून पाहिलं. मी कुठेच नाही.

बाई म्हणाल्या, "अगं, बावीस वर्षं टाइप करतेय मी. माझं नाव पाहिलंस का कधी कशावर? डबा खा आणि विसर."

तीन महिने बाकावर बसून पाठ माझी मोडली. साहेब एका शाखेत गेले, तेही छत्री विसरली होती म्हणून. आयत्या बिळावर नागोबा! डबा खाल्ला. विसरणार मात्र नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज साहेबांना नमस्कार केला नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

देव आहे.

टाइप झालेली प्रत तपासायला माझ्याकडेच आली. साहेबांनी समासातल्या सगळ्या टिपा गाळल्या आहेत. उरले दारावरच्या मोजणीयंत्राचे आकडे. बाजार शाखा, रोज १४१२. पाण्याच्या टाकीजवळची आमची शाखा, रोज ६४.

बाजार शाखेला दोन दारं आहेत. एक भाजीबाजारात उघडतं, दुसरं बसथांब्यावर. वळसा चुकवायला लोक पिशव्या घेऊन वाचनगृहातून आरपार जातात आणि यंत्र प्रत्येकाला वाचक म्हणून मोजतं. मी दोन दिवस तिथे बसून मोजलं होतं. खुर्चीत बसणारे रोजचे एक्कावन्न. म्हणजे खरं पाहता शहरातली सगळ्यात रिकामी शाखा तीच! हे सगळं समासात होतं. साहेबांनी समास पुसला.

आणि समितीवर कोण आहे? वकीलबाई. त्या बाजारामागच्या गल्लीत राहतात आणि रोज त्याच वाचनगृहातून आरपार जातात. माझ्या टिपणात आहेत त्या — 'काळा कोट, हातात कोथिंबीर'. १४१२ ऐकल्याबरोबर त्या साहेबांना उभं सोलतील. अहवाल परत येईल, कुठलीच शाखा बंद होणार नाही, आणि खाली नाव असेल एकट्या साहेबांचं.

प्रतीवर 'तपासले, बरोबर आहे' असं लिहिलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेब भाषणाची तालीम करत होते. दारातून ऐकलं. "चौदाशे बारा वाचक" म्हणताना आवाज चढवतात. मी बाहेर उभी राहून हसले. बाईंनी विचारलं, "लग्न ठरलं की काय?"

समितीपुढे त्यांचा चेहरा कसा होईल ते दिवसातून दहादा मनात पाहते. आधी कानांच्या पाळ्या लाल होतील. मग टिपण शोधायला खिसे चाचपतील. मग माझ्याकडे बघतील. तेव्हा मी खिडकीबाहेर बघणार.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या शाखेत गेले होते. ग्रंथपाल काका कपाट पुसत होते. "काय गं, आमचं काही खरं आहे का?"

"काका, निर्धास्त राहा."

खिडकीजवळच्या टेबलावर तीन मुली अभ्यास करत होत्या. तीन वर्षं तिथे मी बसायचे. घरी एक खोली, पाच माणसं आणि आईचं शिलाई मशीन — पुस्तक उघडायला जागा नव्हती. त्या टेबलामुळे पदवी झाली. मागच्या बाकावर धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एक मावशी पाय वर घेऊन टेकल्या होत्या. दोन कामांच्या मधले दोन तास त्यांना हे एकच ठिकाण आहे. निवृत्त पोस्टमन आपल्या आंधळ्या मित्राला पेपर वाचून दाखवत होते. मित्र म्हणाला, "हळू वाच की, मला दिसत नाही, ऐकू येतं."

चौसष्टच, पण एकेक माणूस बसलेला.

साहेबांना आज जाऊन सांगावं असं वाटलं. मग ते पहिलं पान आठवलं. नाही सांगितलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नीट लिहिते. आत्ता थांबले तर पुन्हा लिहिणार नाही. आज समितीची बैठक झाली.

साहेब "चौदाशे बारा वाचक" म्हणाले. मी वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता.

त्या म्हणाल्या, "अगदी खरं आहे. मी स्वतः रोज बघते ना. काय गर्दी असते हो तिथे! आत शिरायला धक्के खावे लागतात."

सगळ्यांनी माना हलवल्या. पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. बाजार शाखा रात्रीपर्यंत उघडी ठेवायची. सगळ्यात कमी वापराची शाखा बंद करून तिची पुस्तकं बाजारात हलवायची. सगळ्यात कमी म्हणजे चौसष्ट.

मी उठायला हवं होतं. त्याआधी साहेबच उठले. "एक सांगायचं राहिलं. कच्च्या प्रतीवर प्रमुखाचं नाव घालायची पद्धत आहे म्हणून माझं आहे. काम सगळं या मुलीचं. छापील अहवालावर सर्वेक्षक म्हणून तिचंच नाव जाईल, तसं मी लेखी दिलंय. पूर्णविराम."

टाळ्या वाजल्या. वकीलबाई म्हणाल्या, "शाब्बास, पोरी."

मी म्हटलं, "धन्यवाद."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना सांगितलं. दोन दारं, पिशव्या, एक्कावन्न. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"टिपा मी वाचल्याच नाहीत. पण तू प्रत तपासलीस ना? तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.

साहेबांनी ठरावाचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "ठराव फिरवता येईल. मी टिपा गाळल्या असं मी लिहून देतो. तू जाणूनबुजून 'बरोबर आहे' लिहिलंस, असं तू लिहून दे. तुझी नोकरी बहुधा जाईल, माझीही बढती जाईल. पंधरा मार्चपर्यंत सांग. त्यानंतर शाखेच्या दारावर बंदची नोटीस लागेल, सर्वेक्षक म्हणून तुझ्या नावासकट."

पहिल्यांदाच पूर्णविराम म्हणाले नाहीत.

१० मार्च, सोमवार

अजून सांगितलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

पत्र लिहिलं. तीन ओळींचं. पर्समध्ये आहे. संध्याकाळी साहेब टेबल आवरताना दोनदा माझ्याकडे बघून थांबले. मी रजिस्टर लावत राहिले.

१६ मार्च, रविवार

बाबा टाकीजवळ नळ दुरुस्त करायला गेले होते. येताना वाचनालयाच्या दारावरचा कागद अलगद सोडवून घेऊन आले. त्यांना वाचता येत नाही, पण माझ्या नावाची अक्षरं ओळखतात. "छापलंय बघ तुझं नाव, सरकारी कागदावर," असं म्हणत आत्याच्या नाकासमोर धरला. आत्या प्रथमच गप्प.

आई मशीन थांबवून म्हणाली, "सगळा वाचून दाखव की."

मी माझं नाव तेवढं वाचलं.